"रेडिएशनवर गोळी आहे का रे?"

गेल्या वर्षीची पी.एल. चालू होती. मेसमध्ये जेवून वर येत होतो, तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची सख्खी मोठी बहीण. तिला गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर झाल्याचं आम्हांला दोन महिन्यांपूर्वी कळलं होतं. (कारण शोधायला लांब जायला नको. पंधराव्या वर्षापासून रोज सकाळी मिश्री!) ऑपरेशन झालं होतं. पुढच्या सोमवारपासून रेडिएशन सुरू व्हायचं होतं, रोज २ ग्रे याप्रमाणे ३० दिवस.

"अरे बाळा, तू इंजिनिअर ना? मग सांग मला. त्या लाइटनं चांगलं मांसपण जळतं म्हणतात. त्याच्यावर काही गोळी आहे का रे?"

आता मी इन्स्ट्रुमेंटेशनचा. रेडिएशनबद्दलचं माझं ज्ञान बारावीच्या फिजिक्सच्या शेवटच्या दोन धड्यांपुरतं, आणि तेही ऑप्शनला टाकलेलं. पण "माहीत नाही" म्हणायची आपल्याला सवयच नाही. व्हायवाला एक्स्टर्नलसमोरसुद्धा आपण काहीतरी ठोकून देतोच की! मी म्हटलं, "थांब मावशी, बघून सांगतो."

दहा मिनिटं नेटवर बघितलं. 'रेडिएशनमुळे फ्री रॅडिकल तयार होतात, अँटिऑक्सिडंट त्यांना मारतात' इतकं वाचलं आणि मला सगळं कळलं! रूममेटची बाइक घेऊन मेडिकलमध्ये गेलो. अँटिऑक्सिडंटची एक मोठी डबी घेतली. डबीवर ढालीचं चित्र आणि खाली 'पेशींचे संपूर्ण संरक्षण'. दुसऱ्या दिवशी कुरिअर केली. मनातून फार बरं वाटलं. आपल्या शिक्षणाचा घरच्यांना उपयोग झाला, वगैरे.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मावशीच्या पिशवीत ती डबी पाहिली. ती बंद केली आणि माझा नंबर मागून घेऊन मला फोन केला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हीच का ते इंजिनिअर? ही गोळी पेशी वाचवते असं आपण घटकाभर धरू. पण कोणाच्या पेशी? तुमच्या मावशीच्या की कॅन्सरच्या? हे गोळीला कोण सांगणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मित्रांनो, हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे. त्यानंतर लायब्ररीत बसून जेवढं समजलं तेवढं वाचलं. त्यातून माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकतो. 'रेडिएशनपासून संरक्षण' हे अर्धं वाक्य आहे. कोणतं रेडिएशन? औषध आधी की नंतर? आणि कोणती पेशी? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते वाक्य पूर्ण होत नाही. आणि अर्धं वाक्य विकणाऱ्यांचा धंदा आपल्यासारख्या अर्ध्या इंजिनिअरांच्या जिवावर चालतो.

एक घोट चहा

आधी रेडिएशन पेशीचं करतं तरी काय ते पाहू. एक छोटंसं गणित करा. संपूर्ण शरीरावर एकदम ४ ग्रे इतकी मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. ४ ग्रे म्हणजे किलोमागे ४ जूल. ७० किलोच्या माणसाला झाले २८० जूल. म्हणजे साधारण ६७ कॅलरी. एवढ्या ऊर्जेने शरीराचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाने वाढतं! आपल्या मेसच्या चहाचा एक छोटा गरम घोट घेतला तरी तेवढी उष्णता पोटात जाते. मग चहाने माणूस का मरत नाही? (आमच्या मेसचा चहा हा अपवाद धरावा.)

कारण प्रश्न ऊर्जा किती हा नाहीच, ती कुठे आणि कशी पडली हा आहे. चहाची उष्णता सगळीकडे पसरते. किरणांची ऊर्जा मात्र रेणूतले इलेक्ट्रॉन उडवते. एक रेणू तुटतो आणि शेजारच्याला पत्ताही नसतो. आणि तुटलेला रेणू डीएनएचा असेल तर पेशीचा नकाशाच फाटतो.

क्ष-किरण आणि गॅमा किरण हे काम बहुतेक वेळा आडून करतात. पेशीत सगळ्यात जास्त असतं ते पाणी. किरण पाण्याचा रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो आणि तो जाऊन डीएनएला चावतो. क्ष-किरणांनी होणाऱ्या नुकसानीपैकी साधारण दोन तृतीयांश या हायड्रॉक्सिलमुळे होतं. उरलेलं थेट डीएनएवरच्या माऱ्यामुळे. हा हायड्रॉक्सिल पेशीत एखादा नॅनोसेकंद जगतो. तेवढ्यात तो जेमतेम काही नॅनोमीटर जातो. म्हणजे डीएनएच्या अगदी उंबरठ्यावर जन्मलेलेच घात करतात.

रासायनिक रक्षकांचं काम इथे सुरू होतं. त्यातले सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे गंधक असलेले थायॉल. ते दोन कामं करतात. पहिलं, हायड्रॉक्सिल डीएनएला लागण्याआधी त्याला स्वतःच्या अंगावर घेणं. दुसरं काम जास्त मजेदार आहे. डीएनएवरून हायड्रोजनचा अणू उडाला तर तिथे एक जखम राहते. ऑक्सिजन तिथे आधी पोचला तर जखम पक्की होते. थायॉल आधी पोचलं तर ते आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन जखम बुजवून टाकतं. ही शर्यत मिलिसेकंदांत संपते.

प्रश्न पहिला : आधी की नंतर?

आता वरच्या परिच्छेदातले आकडे पुन्हा वाचा. नॅनोसेकंद, मिलिसेकंद. गोळी गिळून पोटात विरघळायला किती वेळ लागतो? म्हणजे रक्षक आधीच जागेवर हजर पाहिजे. गोल झाल्यावर गोलकीपर उतरवून काय उपयोग?

१९४९ साली अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत हार्वे पॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच दाखवून दिलं. त्यांनी उंदरांना सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल दिलं आणि मग क्ष-किरणांची जीवघेणी मात्रा दिली. बरेच उंदीर वाचले. तेच सिस्टीन किरणांनंतर दिलं तेव्हा उपयोग झाला नाही. सिस्टीन हे काही विचित्र रसायन नाही, आपल्या केसांत आणि नखांत ते भरपूर असतं. पुढे १९५१ च्या सुमारास बेल्जियममध्ये झेनॉन बाक यांच्या गटाने सिस्टिअमीन हा त्याचा जवळचा नातलग जास्त प्रभावी असल्याचं दाखवलं.

शीतयुद्धाचा काळ होता. अणुबॉम्ब पडला तर सैनिकाच्या खिशात एक गोळी असावी, अशी अमेरिकन लष्कराची इच्छा. त्यांच्या वॉल्टर रीड संस्थेने ४००० च्या वर रसायनं बनवून तपासली. त्यातलं सगळ्यात चांगलं निघालं ते डब्ल्यूआर-२७२१, म्हणजेच आजचं ॲमिफॉस्टिन. उंदरांवर त्याची कामगिरी जबरदस्त आहे. अस्थिमज्जा नष्ट होऊन येणाऱ्या मरणासाठी, औषध दिलेल्या उंदरांना तेवढीच हानी व्हायला २.७ पट किरण लागतात. आतड्याच्या बाबतीत हा आकडा १.८ आहे. (म्हणजे एकाच उंदरात, एकाच औषधाने, दोन अवयवांना मिळणारं संरक्षण वेगवेगळं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

पण सैनिकाच्या खिशातली गोळी काही तयार झाली नाही. ॲमिफॉस्टिन शिरेतून द्यावं लागतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला पळायचं आहे त्याला तुम्ही आडवं करणार! आणि मुख्य म्हणजे अपघात अपॉइंटमेंट घेऊन येत नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीत काय झालं आठवा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं उपकरण भंगारात गेलं, त्यात कोबाल्ट-६० होतं, भंगारवाल्यांनी ते फोडलं. एक माणूस मेला, बाकीचे दवाखान्यात. त्यांना माहीतच नव्हतं तर ते आधी औषध घेणार कसं? त्यांना वाचवू शकली असती ती एक नोंदवही आणि एक पिवळी पाटी. (आपल्या लॅबमधला भंगार लिलावाला काढताना एवढं तरी बघितलं जावं, अशी स्टाफला नम्र विनंती.)

नंतर द्यायची औषधंही आहेत, नाही असं नाही. अस्थिमज्जेला नव्या पांढऱ्या पेशी बनवायला लावणाऱ्या फिल्ग्रास्टिमला २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने किरणबाधेवर उपचार म्हणून मान्यता दिली. पण ते कवच नाही, ती दुरुस्ती आहे. छत्री आणि टॉवेल दोन्ही पावसात उपयोगी, पण टॉवेलला कोणी छत्री म्हणत नाही.

प्रश्न दुसरा : कोणतं रेडिएशन?

आपण सगळ्यालाच 'रेडिएशन' म्हणतो, इथेच घोळ सुरू होतो.

हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. डीएनएचे दोन धागे म्हणजे तुमचं आणि रूममेटचं जर्नल. मजकूर एकमेकांना पूरक. तुमचं एक पान फाटलं तर रूममेटचं बघून छापता येतं. पेशीही तेच करते, एका धाग्याची जखम दुसऱ्यावरून भरून काढते. गॅमा किरणांचा मारा विरळ असतो, इकडे एक पान तिकडे एक पान. पण दोघांच्या जर्नलचं तेच पान एकदम फाटलं तर? मग आठवेल तसं काहीतरी लिहायचं आणि सबमिशनला देवाचं नाव घ्यायचं. पेशीतसुद्धा दोन्ही धागे जवळजवळ तुटले की दुरुस्ती चुकायची शक्यता फार.

अल्फा कण नेमकं हेच करतात. कोबाल्टचे गॅमा किरण वाटेतल्या प्रत्येक मायक्रोमीटरला साधारण ०.२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सोडत जातात. अल्फा कण शंभराच्या आसपास सोडतो. त्याच्या वाटेवरचे आघात एकमेकांपासून सुमारे २ नॅनोमीटरवर असतात, आणि डीएनएच्या गोफाची जाडीही २ नॅनोमीटरच आहे! म्हणजे दोन्ही धागे एका फटक्यात. हे सगळं बहुतांशी थेट घडतं, हायड्रॉक्सिलची मध्यस्थी फारशी नाहीच. मग हायड्रॉक्सिल पकडायला उभा केलेला थायॉल काय करणार? म्हणूनच जे थायॉल गॅमा आणि क्ष-किरणांपुढे उत्तम काम करतात, ते न्यूट्रॉनपुढे कमी आणि अल्फापुढे जवळजवळ काहीच काम करत नाहीत. औषध तेच, पेशी तीच, किरण बदलला की निकाल बदलला.

अल्फाची गंमत अशी की बाहेरून आला तर साधा कागद त्याला अडवतो, त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरातच तो संपतो. धोका असतो तो अल्फा सोडणारा पदार्थ पोटात किंवा फुप्फुसात गेला तर. तिथे वेगळ्या प्रकारची औषधं लागतात. ती किरण अडवत नाहीत, किरण सोडणाऱ्या पदार्थालाच बाहेर काढतात. प्लुटोनियमसाठी डीटीपीए नावाचं रसायन आहे, ते धातूला पकडून लघवीवाटे नेतं. सिझियमसाठी तर चक्क प्रशियन ब्लू! एफ.ई.ला वर्कशॉपमध्ये सपाटी तपासायला जी निळी पेस्ट लावतो, जुन्या ब्लू-प्रिंटला जिने तिचा निळा रंग दिला, तेच रंगद्रव्य. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगारात गेलेल्या उपचारयंत्रातून सिझियम-१३७ सांडलं. चार माणसं मेली. त्या वेळी ४६ जणांना प्रशियन ब्लू दिलं गेलं. ते आतड्यात सिझियमला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. (म्हणून कोणी वर्कशॉपमधली पेस्ट चाटू नये. औषधाची गोष्ट वेगळी.)

सगळ्यात जास्त गैरसमज आयोडीनच्या गोळीबद्दल आहेत. पोटॅशियम आयोडाइड थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकतं, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन-१३१ ला आत जागा राहत नाही. वेळेत घेतली तर ही गोळी फार मोलाची. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर पोलंडने १ कोटीहून जास्त मुलांना आयोडाइड दिलं. पण ती वाचवते फक्त थायरॉइडला, आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून. सिझियम, कोबाल्ट, बाहेरून येणारे गॅमा यांच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. २०११ मध्ये फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी दुकानातलं आयोडीनयुक्त मीठ संपवलं. गणित करा. मोठ्या माणसाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्याकडच्या मिठात किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीची बरोबरी करायला किमान तीन किलो मीठ खावं लागेल. थायरॉइड वाचेल, माणूस वाचणार नाही.

आणि आता आपला लाडका मोबाइल. गेल्या गॅदरिंगला गेटबाहेर एक जण 'अँटि-रेडिएशन स्टिकर' विकत होता, ९९ रुपयांना. आमच्या विंगमध्ये सात जणांनी घेतला, त्यातला एक मी! १.८ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा प्लांकच्या सूत्राने काढा. ७.४ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला लागतात साधारण १२.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सुमारे सतरा लाख पटीचा फरक! म्हणजे वर सांगितलेली हायड्रॉक्सिलची सगळी रामकथा इथे सुरूच होत नाही. तरीही स्टिकर खरोखर लहरी अडवत असेल तर आणखी वाईट. सिग्नल कमकुवत झाला की फोन आपोआप जास्त पॉवरने पाठवायला लागतो. म्हणजे अडवत नसेल तर पैसे गेले, आणि अडवत असेल तर बॅटरीही गेली. हे आपण थर्ड इयरला शिकतो, परीक्षेत लिहितो आणि गेटबाहेर विसरतो.

प्रश्न तिसरा : कोणाची पेशी?

आता डॉक्टरांच्या प्रश्नाकडे येतो. माझ्यासाठी हा सगळ्यात अवघड.

कॅन्सरच्या उपचारात किरण मुद्दाम मारायलाच दिलेले असतात. तिथे सगळ्यांना वाचवणारं कवच हे कवचच नाही, तो शत्रूला दिलेला चिलखताचा सेट आहे. लढाई आहे ती भेद करण्याची. ॲमिफॉस्टिनची खरी हुशारी इथे आहे. ते शरीरात जातं तेव्हा निष्क्रिय असतं, त्याच्या गंधकाला फॉस्फेटची टोपी घातलेली असते. ती टोपी काढायचं काम अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकर करतं. हे विकर निरोगी ऊतींच्या रक्तवाहिन्यांजवळ जास्त, गाठीत कमी. शिवाय गाठीचा रक्तपुरवठा वेडावाकडा, आतलं वातावरण आम्लधर्मी. त्यामुळे निरोगी पेशीत औषध लवकर जागं होतं आणि गाठीत ते रेंगाळतं. किरण १५ ते ३० मिनिटांत दिले की हा फरक पदरात पडतो.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोकं आणि मानेच्या कॅन्सरचे ३१५ रुग्ण होते. नुसते किरण दिलेल्यांपैकी ७८ टक्क्यांचं तोंड त्रास होण्याइतकं कोरडं पडलं, ॲमिफॉस्टिन दिलेल्यांत हे प्रमाण ५१ टक्के. गाठीवरच्या परिणामात घट दिसली नाही. तोंडातल्या फोडांत मात्र फरक पडला नाही! म्हणजे लाळग्रंथीला फायदा, अर्ध्या बोटावरच्या गालाच्या अस्तराला नाही. याच उपयोगासाठी अमेरिकेत त्याला १९९९ मध्ये परवानगी मिळाली होती. तरी उलट्या आणि रक्तदाब या त्रासांमुळे ते सर्रास वापरलं गेलं नाही.

आता माझ्या डबीसारख्या गोळ्यांचं बघा. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २००५ आणि २००६ मध्ये आले. निम्म्यांना किरणोपचार चालू असताना आणि नंतरही मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व दिलं, सुरुवातीला काहींना त्यासोबत बीटा-कॅरोटिनही. दोन्ही घेणाऱ्यांना उपचाराचा तीव्र त्रास कमी झाला. वाचून मला हायसं वाटलं. पुढची ओळ वाचली आणि हातपाय गार पडले. गोळी घेणाऱ्यांमध्ये त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त असल्याचा कल दिसला, आणि पुढच्या काही वर्षांत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मृत्यूही जास्त झाले.

म्हणजे गोळीने काम केलं होतं! तिने भेदभाव केला नाही, एवढंच.

मावशीने माझी गोळी जवळजवळ तीन आठवडे घेतली. दिवसाला दोन. "इंजिनिअर पोरानं पाठवलीय" म्हणून शेजारच्या बाकावरच्या बाईलाही ती नाव लिहून देणार होती. त्या तीन आठवड्यांत काही झालं की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, "आता त्याचा विचार करू नका." पण मी करतो. दर तीन महिन्यांनी तिचा चेकअप असतो, त्या दिवशी माझं लेक्चरमध्ये लक्ष नसतं.

मग तुळशीचं काय?

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. आपल्याकडे यावर चांगलं काम झालं आहे. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमध्ये १९९० च्या दशकात तुळशीच्या पानांच्या अर्कावर प्रयोग झाले. किरणांच्या आधी अर्क टोचलेले उंदीर जास्त संख्येने वाचले. पुढे ओरिएन्टिन आणि व्हिसेनिन ही त्यातली दोन द्रव्यंही वेगळी काढली गेली. याचा मला अभिमान आहे. पण तीन प्रश्न इथेही लावा. गॅमा किरण, आधी दिलेलं, आणि उंदीर. यातून 'तुळशीचा काढा प्या, रेडिएशन विसरा' इथपर्यंत उडी मारणं हा त्या शास्त्रज्ञांचाही अपमान आहे. तुळशीला त्याची गरज नाही. ती वृंदावनात शोभून दिसते, आणि मोजमापावर टिकली तर औषधाच्या दुकानातही शोभेल.

आपलं काम काय?

मला या सगळ्या वाचनात सगळ्यात जास्त सुखावणारी गोष्ट वेगळीच सापडली. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निकाल आले. तिथे औषध कोणतंच नव्हतं. किरणांच्या झोताची तीव्रता संगणकाने बारीक बारीक तुकड्यांत बदलत नेली आणि लाळग्रंथी वाचवली, याला आयएमआरटी म्हणतात. वर्षभरानंतर त्रासदायक कोरडं तोंड जुन्या पद्धतीत ७४ टक्क्यांना, नव्या पद्धतीत ३८ टक्क्यांना! जे काम रसायन अर्धवट करत होतं ते भूमितीने, मोटरने आणि कंट्रोल सिस्टिमने केलं. झोताच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र मोटर. पोझिशन सेन्सर आणि फीडबॅक, म्हणजे आपल्याच सिलॅबसमधले शब्द! ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्टवर चालणारं 'भाभाट्रॉन' हे देशी उपचारयंत्र बनवलं, तेही इंजिनिअरांनीच. मावशीला खरोखर मदत करायची होती तर ती या रस्त्याने होती, मेडिकलच्या काउंटरवरून नव्हे.

मी रसायनांच्या विरोधात अजिबात नाही. सिस्टीनपासून ॲमिफॉस्टिनपर्यंतचा ५० वर्षांचा प्रवास हा माझ्या मते विज्ञानातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे. तक्रार आहे ती 'संपूर्ण' या शब्दाबद्दल. वर सांगितलेलं एकही खरं औषध संपूर्ण संरक्षणाचा दावा करत नाही. प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे. या किरणापासून, या वेळेत, या पेशीला. आपण एखादा रिले विकत घेताना सुद्धा किती व्होल्ट, किती अँपिअर, किती मिलिसेकंद हे बघतो. डेटाशीट नसलेला रिले आपण सर्किटला लावत नाही. मग डेटाशीट नसलेली गोळी आपण मावशीला कशी देतो?

तुम्हांलाही असा फोन येईल. गावाकडे घरात एक मुलगा इंजिनिअरिंगला गेला की तो मोटरपंपापासून मोतीबिंदूपर्यंत सगळ्याचा तज्ज्ञ होतो. त्या वेळी दोन गोष्टी करा. पहिली, "मला माहीत नाही, विचारून सांगतो" हे वाक्य मोठ्याने म्हणायची प्रॅक्टिस करा. व्हायवाला नाही जमलं तरी चालेल, इथे जमायला हवं. दुसरी, किरणोपचार चालू असलेल्या माणसाला कोणतीही गोळी, काढा, पावडर देण्याआधी ती त्याच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. नेटवर दहा मिनिटं वाचून नाही, आणि हा लेख वाचूनही नाही.

आणि आपल्या विंगमध्ये जे गुटखा-तंबाखूवाले आहेत (नावं घेत नाही, रेक्टरही हा अंक वाचतात), त्यांना एकच सांगतो. हे सगळं कवच, भूमिती, रसायन लागतं ते नंतर. त्याच्या आधीचा एक प्रश्न फुकट सोडवता येतो.

मावशी आता बरी आहे. तोंड कोरडं पडतं, म्हणून जवळ कायम पाण्याची बाटली असते आणि भाकरी आमटीत कुस्करून खावी लागते. मिश्रीची डबी तिने स्वतः उकिरड्यावर टाकली. मागच्या दिवाळीला मी भीत भीत म्हटलं, "मावशी, ती गोळी मी पाठवायला नको होती गं."

ती म्हणाली, "तू मायेनं पाठवलीस रे. पण पुढच्या टायमाला विचारून पाठव."

आमच्या कॉलेजात एवढं स्पष्ट मला कोणी शिकवलं नव्हतं.

— एक हॉस्टेलाइट, तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन